आवाजपेढी कोणत्या यंत्रावर आहे?

५ मार्च २०२५

जावईबापू,

मंगळवार, ४ मार्च रोजी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी भाजीबाजारात तिसऱ्या ओट्यावर एका माणसाचा आवाज बंद पडला. घसा बसला म्हणून नव्हे. त्याचा घसा दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत गेला. तो गप्प झाला तो तुमच्या सर्व्हरमुळे.

माणूस तुम्ही पाहिलेला आहे. लिलाववाला. बाजारात त्याला भोंगा म्हणतात, कारण एके काळी तो पहिल्या ओट्यावर बोलला की शेवटच्या ओट्यावरचे हमाल हिशेब चुकायचे. ऑपरेशनच्या आधी तो माझ्या मागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, आपला आवाज साठवून गेला. सगळे आकडे, सगळ्या भाज्या, बायकोला मारायच्या हाका आणि शिव्या. शिव्यांशिवाय लिलाव होत नाही असं त्याचं म्हणणं. आता त्याच्या छातीवर लहानसा स्पीकर असतो आणि हातात फोन. तो बटण दाबतो, आपल्या आवाजपेढीचा सर्व्हर त्याच्या आवाजाचे तुकडे जोडून आकडा तयार करतो आणि पापणी लवायच्या आत तो बाहेर पडतो. त्याच आवाजात, त्याच खर्जात. हे सगळं तुम्हीच बसवून दिलंत. तेव्हा मी चारचौघांत तुमचं कौतुक केलं होतं. ते परत घेतलं असं समजा.

काल टोमॅटोचा मोठा ढीग होता. 'एक वार' झालं, 'दोन वार' झालं, भोंग्याने तिसरं बटण दाबलं आणि काहीच आलं नाही. तो दाबत राहिला. त्या शांततेत मागून एका व्यापाऱ्याने बोली वाढवली आणि मग, लोक वळून बघत असताना, 'तीन वार' आलं. माल कोणाचा? पहिला म्हणतो माझा, दुसरा म्हणतो माझा. गचांडी धरली, हातगाडी उलटली, टोमॅटोचा चिखल झाला. आणि सगळ्यांच्या मधोमध एक माणूस उभा, ज्याला तोंड उघडून एक शब्द बोलता येत नाही.

मी सर्व्हर घेतला तेव्हा तुम्ही म्हणालात, व्हर्च्युअल घ्या, एकाच मोठ्या यंत्राचे भाग पाडलेले असतात, त्यातला एक तुमचा. मी म्हटलं, नको. डेडिकेटेड द्या. अख्खं यंत्र माझ्या पेशंटांचं, त्यात दुसरं कोणी नको. तुम्ही मान डोलावलीत. मग शंभरेक मुक्या माणसांसाठी राखलेल्या अख्ख्या यंत्राला सकाळी सातला धाप का लागावी?

उत्तर लेखी हवं. फोन करू नका. तसे तुम्ही करणार नाहीच. इस्पितळाच्या वाचा-उपचार विभागात मी आयुष्य घालवलंय आणि घशावरून मला काय काय कळतं हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तुमची सासू


८ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आईंना,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. झाल्या प्रकाराचं वाईट वाटलं.

नोंदी स्वतः तपासल्या. त्या दिवशी आपला सर्व्हर पूर्ण वेळ चालू होता, एक क्षणही बंद नव्हता. बाजारात गर्दीच्या वेळी मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, हा सर्वांचा अनुभव आहे. अडचण तिथेच असणार.

आपण डेडिकेटेड आणि व्हर्च्युअल असा फरक करता म्हणून थोडं समजावून सांगतो. डेडिकेटेड म्हणजे स्वतंत्र बंगला. छप्पर गळलं तरी तुम्हीच बघायचं. व्हर्च्युअल म्हणजे चांगल्या इमारतीतला फ्लॅट. दार आपलं, कुलूप आपलं, पण पाण्याची टाकी, जिना, पहारा सामाईक. आजकाल मोठमोठे उद्योगसुद्धा फ्लॅटमध्येच असतात. शंभर माणसांसाठी डेडिकेटेडचा आग्रह म्हणजे दोघांनी फिरायला जायला अख्खी बस काढण्यासारखं आहे. हे आपण व्यवहाराच्या दृष्टीने समजून घ्यावं.

एक सूचना. लिलावासारख्या घाईच्या कामासाठी त्यांनी आवाज फोनमध्येच साठवून ठेवावा. सर्व्हरवर अवलंबून राहायची गरजच उरणार नाही.

इकडे सर्व ठीक. ही मजेत आहे, तुम्हाला नमस्कार सांगते.

आपला,
जावई


१० मार्च २०२५

जावईबापू,

सर्व्हर बंद होता असं माझ्या पत्रात कुठे आहे ते दाखवा. मी धाप लागली म्हटलं. धाप लागलेला पेशंटही 'चालू' असतो, जावईबापू. चालू आहे म्हणून त्याला आम्ही घरी पाठवत नाही.

नेटवर्क. भोंग्याच्या ओट्याला लागून चहावाला आहे. तो त्याच वेळी, त्याच कंपनीच्या सिमवर, कुठला तरी सिनेमा बघत होता. नायिका एकदाही अडखळली नाही. शिवाय बाजारापासून फार दूर राहणारी माझी एक पेशंटबाई त्याच वेळी नवऱ्याला 'ऊठ' म्हणत होती. तिचाही शब्द अडकला. नवरा तेवढा जास्त झोपला, म्हणून तिने तक्रार केली नाही इतकंच. तिच्या स्वयंपाकघरात कुठली गर्दी होती?

फोनमध्ये साठवायचं म्हणता. आकडे जोडायचं काम सर्व्हर करतो, फोन नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. आणि फोन चोरीला जातात. दुसऱ्याचा आवाज खिशात घालून कोणी भलतीकडे फोन केला तर जबाबदार कोण? हा नियम आपण दोघांनी मिळून केला. तुम्ही विसरलात, मी नाही.

आता बंगला आणि फ्लॅट. मी यंत्राबद्दल विचारलं आणि तुम्ही मला घरं दाखवत सुटलात, दलालासारखे. कॉन्व्हेंटात आमच्या मदर म्हणायच्या, उत्तर येत नसेल तर सरळ उभी राहा, पण गोष्ट सांगू नकोस. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात फ्लॅटचे इतके गोडवे आहेत की मला शंका आली, माझा बिऱ्हाडकरू कधीच झाला असावा. तेव्हा साधा प्रश्न आणि साधं उत्तर: माझी आवाजपेढी आज स्वतःच्या यंत्रावर आहे की दुसऱ्यांबरोबर एका यंत्रात आहे? 'हो' किंवा 'नाही' पुरे. शाई वाचवा.

ही मजेत आहे म्हणता. काल मी तिला फोन केला. "आई, मी बघते" म्हणाली आणि आवंढा गिळला. मग "तू नको काळजी करू" म्हणाली आणि परत गिळला. माणूस खरं बोलताना इतकं गिळत नाही.

आणि हे नीट वाचा. भोंग्याला बाजारसमितीने घरी बसवलंय. तो मुका आहे म्हणून नव्हे. पहिला व्यापारी सांगत फिरतोय की भोंग्याने मुद्दाम बटण दाबलं नाही, मागच्याशी संधान बांधलं होतं, त्याला बोली वाढवायला वेळ दिला. अख्ख्या आयुष्यात ज्याने कोणाला एक आकडा वर-खाली केला नाही, तो आता लबाड ठरतोय. २८ तारखेला शुक्रवारी सकाळी समितीची बैठक आहे. तिथे ठरेल.

आवाज उशिरा आला तो माणसामुळे नाही, यंत्रामुळे, हे फक्त तुम्ही सांगू शकता. दुसऱ्या कोणाकडे त्या नोंदी नाहीत.

तुमची सासू


१२ मार्च २०२५

आई,

त्याला छळू नकोस. यंत्र मी हलवलं. हलवलं त्या दिवशी संध्याकाळी त्याला कळलं.

आमच्या ऑफिसातली सगळी यंत्रं मी सांभाळते हे तुला माहीत आहे, पण तुझ्या बोलण्यात ते कधी येत नाही. तुझ्या लेखी सगळं 'जावयाने बसवलं'. असो. गेल्या ऑगस्टमध्ये तुझ्या त्या लाडक्या डेडिकेटेड सर्व्हरची एक डिस्क गेली. दोन होत्या, एकीवर जे लिहिलं जाई तेच दुसरीवर. एक मेली, दुसरी कण्हत होती. यंत्र जुनं, त्या जातीची डिस्क मिळेना. सगळी माणसं, भोंगा, ती 'ऊठ'वाली बाई, जे आता पुन्हा बोलून देऊच शकत नाहीत ते सगळे त्या एका कण्हणाऱ्या डिस्कवर उभे होते. आणि तुझा बॅकअप कुठे होता माहीत आहे? त्याच यंत्रात. कारण आवाज दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर जाता कामा नयेत, अशी तुझी आज्ञा होती.

मी वाट बघत बसले नाही. नवीन, दणकट यंत्रावर एक व्हर्च्युअल सर्व्हर उघडला आणि सगळे आवाज तिथे नेले. रोज त्याची प्रत दुसऱ्या जागी जाते. उद्या ते यंत्र जळालं तरी तासाभरात पेढी दुसरीकडे उभी राहील. तुझ्या बंगल्याला हे जमलं नसतं. ऑगस्टपासून मार्चपर्यंत तुला काही फरक कळला का? नाही कळला.

तुला का सांगितलं नाही? कारण तुला काही सांगायचं म्हणजे आधी तोंडी परीक्षा. "स्वतंत्र म्हणजे स्वतंत्र" म्हणून तू तीन दिवस घालवले असतेस, आणि त्या डिस्कला तीन दिवस नव्हते.

त्या सकाळी काय झालं तेही सांगते. एका यंत्रात आपण धरून सहा सर्व्हर आहेत. त्यातल्या एका शेजाऱ्याने अचानक सगळा प्रोसेसर ओरबाडला. बाकीचे रांगेत उभे राहिले. असं व्हायला नको होतं. शेजारी कोण ते सांगता येत नाही. ग्राहकाचं नाव आहे.

आणि माझे आवंढे मोजणं बंद कर. मला सर्दी होती.

मी


१५ मार्च २०२५

कन्येस,

सर्दी नव्हती. सर्दीत आवाज नाकात अडकतो, तुझा खाली अडकला होता. नसती निदानं सांगू नकोस.

डिस्कचं तू म्हणतेस ते मला पटलं. बॅकअप त्याच यंत्रात ठेवायचा हट्ट माझा, आणि तो मूर्खपणाचा होता. आवाज हलवलेस ते बरोबर केलंस. न सांगता हलवलेस ते नाही. मी पेशंटांना शब्द दिला होता की तुमचा आवाज एकटा राहील. तो शब्द तू माझ्या पाठीमागे मोडलास आणि सात महिने माझ्या तोंडून तो खोटा वदवलास. दर नव्या पेशंटला मी 'अख्खं यंत्र आपलं' म्हणून सांगत होते. पेशंटला टेबलावर घेऊन भलताच अवयव काढणारे सर्जन मी पाहिलेत. त्यांचंही म्हणणं असायचं की पेशंट वाचला ना.

फरक कळला नाही म्हणतेस. मला नाही कळला. भोंग्याला कळला.

आता शेजाऱ्याबद्दल. नाव सांगता येत नाही म्हणालीस. सकाळी सातला एवढी ओरबाड करणारी जागा मला एकच ठाऊक, म्हणून मी काल बाजारात गेले. भोंग्याला बरोबर घेतलं. तो बिचारा फाटकाशी थांबला, आत यायला लाजत होता, मग मी एकटीच समितीच्या ऑफिसात गेले. चिटणीस भला गृहस्थ निघाला, म्हणजे बडबड्या. भिंतीवर नवाकोरा पडदा लावलाय. मी विचारलं, हे काय? तो खूश झाला.

"ऑनलाइन बोली, बाई. पुढच्या महिन्यापासून व्यापाऱ्यांनी घरबसल्या बोली लावायची. कटकट नाही, आरडाओरडा नाही."

"चालतं का पण हे?"

"चालतं म्हणजे? चार तारखेला चाचणी घेतली ना. एकदम पाच हजार खोटे व्यापारी सोडले यंत्रावर. सगळे एका दमात बोली लावत होते. सकाळी सातला सुरू केलं, सव्वासातला संपलं. पठ्ठ्या हलला नाही."

"आणि मग भोंग्याचं काय?"

"आता भोंग्याची गरज काय, बाई? त्यात त्याने हे असले उद्योग केलेले."

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एका कंपनीचं नाव होतं. मी चष्मा लावून वाचलं. लग्नपत्रिकेखेरीज तुझ्या नवऱ्याचं आडनाव इतक्या नीट मी पहिल्यांदाच वाचत होते.

आता तू मला सांग. ज्या माणसाला लिलावातून काढायचं यंत्र तुम्ही बनवताय, त्याच यंत्राने चाचणीच्या दिवशी त्याचा आवाज दाबला, आणि तो दाबला म्हणून तो चोर ठरतोय, आणि हे तुम्हा दोघांना माहीत आहे. बरोबर वाचलं का मी? की यातही ग्राहकाचं नाव आड येतं?

आई


१८ मार्च २०२५

आईंना,
सा. न.

आपण माझ्या ग्राहकाच्या ऑफिसात जाऊन चौकशी केलीत. एका शब्दाने मला विचारलं नाहीत. आपल्या जागी दुसरं कोणी असतं तर मी वकिलाची नोटीस पाठवली असती.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. होय. बाजारसमितीचा बोलीचा सर्व्हर आणि आवाजपेढी एकाच यंत्रात आहेत. दोन्हीकडे एरवी फारशी वर्दळ नसते, म्हणून हिने शेजारी ठेवले. चाचणीची वेळ मी निवडली. आमच्या धंद्यात सकाळी सात ही मेलेली वेळ. लोक रात्री उशिरापर्यंत यंत्रं वापरतात, सकाळी सातला कोणी हात लावत नाही. कोणाला त्रास होऊ नये म्हणूनच ती वेळ घेतली. भाजीबाजार त्याच वेळी भरात असतो हे माझ्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडे भाजी दारात येते. यात दुष्टपणा नव्हता, हे आपण मान्य कराल.

पण आपण मागता ते मला देता येणार नाही. आमच्या चाचणीने दुसऱ्या ग्राहकाचं काम अडवलं, असं मी माझ्या सहीने त्याच समितीला लिहून दिलं, तर त्या क्षणी हे काम हातचं जाईल. आज ऑफिसात आठ माणसं काम करतात, त्यातली एक आपली मुलगी आहे. एका माणसासाठी आठ जणांच्या पोटावर पाय द्यायचा? आणि तो माणूस आज ना उद्या त्या ओट्यावरून उतरणारच आहे. मी नाही तर दुसरा कोणी तो पडदा लावेल. काळ थांबत नाही.

मी माझ्याकडून एवढं करतो. आपल्याला अगदी नवीन डेडिकेटेड सर्व्हर देतो. दोन उत्तम डिस्क, वेगळा बॅकअप, दुसरं कोणी शेजारी नाही. कायमचा, माझ्यातर्फे. आपल्याला पहिल्या दिवसापासून हेच हवं होतं. आता ते घ्या आणि हा विषय इथे मिटवा. घरात रोज धुसफूस चालू आहे, ही माझ्याशी नीट बोलत नाही. निदान तिचा विचार करा.

जावई


२१ मार्च २०२५

आई,

त्याने तुला काय लिहिलं ते मला त्याच्या टेबलावर सापडलं. मला विचारून लिहिलेलं नाही.

सोबत आलेख जोडलाय. ४ तारखेच्या सकाळचा. वरची रेघ बाजारसमितीच्या सर्व्हरची, खालची आवाजपेढीची. सातला वरची रेघ छताला टेकते आणि खालची जमिनीवर पडते. भोंग्याने बटण दाबल्याची नोंदही आहे: दाबलं, दाबलं, परत दाबलं, आणि उत्तर साडेसहा सेकंदांनी गेलं. त्याने एकदाही उशीर केलेला नाही. सेकंदासकट आहे. कोणीही वाचू शकेल.

बैठकीत द्यायचा मजकूर मी मंगळवारी लिहून त्याच्यापुढे ठेवला. चार ओळी. तो अजून तिथेच आहे, त्याच्यावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ उमटलंय. माझ्या सहीला समिती किंमत देणार नाही. मी तुझी मुलगी, म्हणजे भोंग्याच्या बाजूची. सही मालकाची लागेल.

मी काल त्याला म्हटलं, "आठ माणसांच्या पोटाचं नाव घेऊ नकोस. त्यातलं एक पोट माझं आहे आणि मला हे जेवण जात नाही." तो म्हणाला, "तू अगदी आईसारखी बोलतेस." ती मी जपून ठेवली आहे, कारण शिवी म्हणून ती खरोखर चांगली होती.

हे मी तुझ्या बाजूने करत नाहीये. यंत्र मी हलवलं, शेजार मी निवडला, आणि दर सर्व्हरला प्रोसेसरचा वाटा बांधून द्यायचा तो मी दिला नव्हता. सगळे सहा जण मिळेल तसं ओढत होते. मी म्हटलं, चालतंय. म्हणून हात माझाही आहे.

आता ऐक, आयुष्यात एकदा. तो डेडिकेटेड देतो म्हणतोय तो घेऊ नकोस. त्या यंत्रात काही बिघडलं की पेढी परत एका पायावर. व्हर्च्युअलच ठेव, पण प्रोसेसरचा आणि मेमरीचा तुझा वाटा बांधून घे. शेजारी कितीही आपटला तरी त्याला त्यातला कणही मिळत नाही. हे मी आठ तारखेलाच करून ठेवलं. 'ऊठ'वाल्या बाईंना विचार, आता कसं चाललंय.

फोन करू नकोस. माझा घसा कसा आहे ते मला माहीत आहे.

मी


२३ मार्च २०२५

जावईबापू,

तुमचा सर्व्हर नको. मी आवाजपेढी व्हर्च्युअल सर्व्हरवरच ठेवते आहे, वाटा बांधून आणि प्रत दुसऱ्या जागी ठेवून. तुमच्या सल्ल्याने नव्हे, माझ्या लेकीच्या. दोन वर्षं मी एका शब्दाला चिकटून बसले होते. तुम्हीही एका शब्दाला चिकटून होतात, 'चालू'. दोघांनाही तिने शहाणं केलं. यापुढे पेढीचं जे काही असेल ते तिच्याशी बोलेन. नव्या पेशंटांना मी आता खरं सांगते: तुम्ही एकाच इमारतीत सहा जण राहता, पण तुमच्या ताटातलं कोणी घेऊ शकत नाही. दोघे ऐकून हसले, कोणी उठून गेलं नाही. बघा, शेवटी तुमचा फ्लॅट मला वापरावाच लागला.

वेळ चुकीची निवडली यात दुष्टपणा नव्हता असं तुम्ही म्हणता. मान्य. ज्याच्या दारात भाजी येते त्याला भाजी कधी विकली जाते हे ठाऊक नसतं. ती चूक होती. पण चूक चार तारखेला सव्वासातला संपली. पाच तारखेपासून तुम्ही जे करताय त्याला वेगळं नाव आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर एवढं लांबलचक पत्र लिहावं लागलं.

काळ थांबत नाही म्हणता. नसेल थांबत. भोंग्याला उद्या त्या पडद्याने घरी बसवलं तर मी तुम्हाला एका ओळीचंही पत्र लिहिणार नाही. यंत्रं येतात, माणसं उतरतात. पण उतरताना तो चोर म्हणून उतरणार नाही. पोटावर पाय त्याच्याही पडतो आहे, आणि वर तोंडाला काळं.

काल तो माझ्याकडे आला होता. मागच्या खोलीत गोधड्या लावलेल्या तशाच आहेत. बसला आणि पाटीवर लिहिलं: शुक्रवारी मला स्वतः बोलायचं आहे. "मी लबाडी केली नाही." माझ्या आवाजात तयार करून द्या.

मी त्याच्या आवाजाची पेटी उघडली. आकडे आहेत. सगळ्या भाज्या आहेत. शिव्या एवढ्या आहेत की दोन ओटे पुरतील. 'मी' आहे. 'केली' सुद्धा मिळालं, कुठल्याशा भाजीच्या वाक्यातून कापून. 'लबाडी' नाही. 'नाही'ही नाही, कारण लिलावात नाही म्हणायची वेळ येत नाही, तिथे समोरचा गप्प राहतो. ऑपरेशनच्या आधी आम्ही दोघांनी बसून विचार केला होता, पुढच्या आयुष्यात काय काय म्हणावं लागेल. हे वाक्य ना त्याला सुचलं ना मला. आता त्याच्याकडे घसा नाही, त्यामुळे ते वाक्य त्याच्या आवाजात कधीच होणार नाही. कोणत्याही सर्व्हरवर, कितीही दणकट असला तरी. मी त्याला हे सांगितलं. त्याने पाटी पुसली, फडकं नीट घडी करून ठेवलं आणि गेला.

ते वाक्य आता दुसऱ्या कोणाला तरी बोलावं लागेल. जगात ते पुराव्यासकट बोलू शकेल असा एकच माणूस आहे, आणि त्याने त्यावर कॉफीचा कप ठेवलाय.

तेव्हा माझी मागणी. तुमच्या बायकोने लिहिलेल्या चार ओळी, कंपनीच्या कागदावर, तुमच्या सहीशिक्क्यानिशी, बाजारसमितीच्या चिटणिसांच्या नावे, आणि एक प्रत मला. त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. 'तांत्रिक कारणास्तव' चालणार नाही, 'खेद आहे' चालणार नाही. चाचणी कोणाची, यंत्र कोणाचं, उशीर किती, आणि लिलाववाल्याचा त्यात हात नाही, एवढंच. काम हातचं गेलं तर ते तुमचं आणि समितीचं. तशा चिटणिसाला मी जेवढं पाहिलं त्यावरून, चूक कबूल करणाऱ्या माणसाला तो जास्त भाव देईल. पण त्याची हमी मी घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

पत्र आलं नाही तर शुक्रवारी मी आलेख घेऊन बैठकीला जाईन आणि भोंग्याच्या शेजारी उभी राहीन. माझा आवाज शेवटच्या ओट्यापर्यंत जातो, तुम्ही ऐकलेला आहे. तो आलेख कोणाच्या ऑफिसातून आला आणि तो माणूस माझा कोण लागतो, दोन्ही मी सांगेन. लपवणार नाही. नात्याची लाज मला नाही वाटणार, तुम्हाला वाटावी.

गुरुवार, २७ मार्च, संध्याकाळी पाच वाजायच्या आत. माणसाच्या हाती, माझ्या दारात. उत्तर 'नाही' असेल तर तेही लेखीच द्या, सही करून.

तुमची सासू